वरचं अंडं

कॉर्क, आयर्लंड, ४ मार्च

गॉबनेट,

आशीर्वाद. तुला नको असले तरी आईचे आशीर्वाद परत पाठवायची सोय नसते, तेव्हा ठेवून घे.

पत्रास कारण असं काही नाही. सहा वर्षांत लिहिलं नाही, मग आजच का, असं तुझ्या मनात येईल. फोन केला तर तू ठेवून देशील. पत्र न वाचता ठेवून दिलं तरी ते टेबलावर पडून राहतं आणि कधीतरी माणूस उघडतोच. पत्ता टोपलीवाल्या जोसीकडून काढून घेतला. नाताळला तू तिला कार्ड पाठवतेस हे ती माझ्यापासून लपवते, आणि मला ते ठाऊक आहे हे मी तिच्यापासून लपवत होते. आता तेही गेलं.

आज बाजारात एक गंमत झाली, ती सांगते. सकाळपासून एक उंच, सडपातळ माणूस कारंज्याभोवती फेऱ्या मारत होता. आपल्याकडे येणारे पाहुणे काय करतात ते तुला माहीतच आहे. डुकराच्या पायांचे फोटो काढतात, आतड्यांच्या गाळ्यासमोर नाक धरतात आणि शेवटी वर जाऊन कॉफी पितात. या गृहस्थाने यातलं काही केलं नाही. जोसीच्या टोपल्या उचलून पाहिल्या, लाकडी चमचे पाहिले, सगळं पाहताना नजर मात्र माझ्या अंड्यांच्या ओट्याकडे. मग एकदाचा आला.

"बाई, मला लोणी लावलेलं एक अंडं हवं आहे. मी स्पेनहून आलो आहे. पर्यटक आहे."

मी कुठून आलास म्हणून विचारलंही नव्हतं.

समोरच्या मासळीच्या गाळ्यावरून मोसी ओरडला, "एकच? का हो, घरची कोंबडी संपावर गेली का?"

मोसी होता तसाच आहे. उपासाचे चाळीस दिवस चाललेत, सगळं गाव मांस सोडून मासे खातंय, त्यामुळे त्याची चांदी आहे आणि जीभ आणखीनच सुटलीय.

मी त्या माणसाला विचारलं, कवचाला लोणी चोळलेल्या आमच्या अंड्यांचं तुला कुणी सांगितलं? म्हणाला, पुस्तकात वाचलं. बरं. मग अंडं हातात घेऊन हळूच विचारतो, "हे हातानेच लावता ना? कागदाने नाही ना?"

हाताने नाही तर काय पायाने, असं मी म्हटलं खरं, पण मनात चमकले. कागदाने लोणी फासणाऱ्यांना मी किती शिव्या घालते हे कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. ते ऐकायला माझ्या स्वयंपाकघरात वाढावं लागतं, नाहीतर तिथे वाढलेल्या कुणाशी तरी लग्न करावं लागतं.

त्याने अंडं नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. फुटेल म्हटलं, तर वरून तळहात धरून चालता झाला.

मी काही विचारलं नाही. आजकाल पर्यटक फार शिकून येतात, एवढंच तुला कळवते.

पानाच्या डावीकडे चहाच्या कपाचा गोल डाग पडलाय तिकडे लक्ष देऊ नकोस. कागद सरकत होता म्हणून कप ठेवला.

तुझी आई


५ मार्च

गॉबनेट,

तुझा पर्यटक आज पुन्हा आला होता. माझा, म्हणायचं होतं.

अंडं फुटलं होतं, अर्थातच. कोटाला वास मारत होता. मोसीने त्याला आपलं मासळी पुसायचं फडकं देऊ केलं. बिचाऱ्याने घेतलं आणि पुसलंही. मला तो तिथेच आवडला.

मग मोसी लागला त्याच्या मागे. "स्पेनचे म्हणालात नाही का? मी दर उन्हाळ्यात जातो. गाव कुठलं तुमचं?"

"पोर्तो," तो म्हणाला.

सगळा बाजार हसला. पोर्तो पोर्तुगालात आहे, स्पेनमध्ये नाही, हे मोसीलाच काय, त्याच्या टोपलीतल्या बांगड्यांनाही माहीत आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. माणूस कानापर्यंत लाल झाला. खोटं बोलायची सवय नाही बाई त्याला, घर चांगलं असावं.

"हॅनाबाई," मोसी माझ्या कानाशी आला, "जावई आलाय तुमचा. खोटी मिशी लावायची तेवढी राहिलीय."

"तू तुझी मासळी बघ," मी म्हटलं. "पहिल्या अंड्यालाच मी ओळखलंय त्याला."

मी त्याला उघडं पाडलं नाही. स्टूल दिलं, चहा दिला. तो म्हणाला, एक शंका विचारू का? अंडं पूर्ण कडक उकडलं तर लोण्याचा स्वाद राहतो का? कारण डॉक्टर म्हणतात, कच्चं अजिबात नको, आणि… इथे त्याने जीभ चावली.

"कुणाचे डॉक्टर?" मी विचारलं.

"माझ्या मित्राच्या बायकोचे," तो म्हणाला. मग जे सुरू झालं ते त्याला थांबवता येईना. मित्राच्या बायकोला चौथा महिना लागलाय. पोटात काही ठरत नाही. तेलाचा वास नको, कॉफीचा नको, स्वतःच्या उशीचासुद्धा नको. एका रात्री ती उठून बसली आणि म्हणाली, मला माझ्या आईच्या हाताचं अंडं हवं. आणि मग रडत बसली, कारण ते मागायचं नाही अशी तिने शपथ घेतलीय. मित्राच्या बायकोला हे ठाऊकही नाही की तो इथे आलाय. ती समजते, तो कामासाठी लिस्बनला गेलाय.

तेव्हा त्या मित्राला रागावू नकोस. त्याने तुझं नाव एकदाही घेतलं नाही. मीच लिहून टाकतेय, कारण दोन बायकांच्या मध्ये एका भल्या माणसाला किती दिवस स्पॅनिश बनवून ठेवायचं?

मी आत जाऊन रिकामी टोपली उगाच झाडत बसले. गॉबनेट, तुला दिवस गेलेत आणि तुला डोहाळे लागलेत ते माझ्या तळहाताच्या वासाचे. सहा वर्षांपूर्वी नाताळाच्या गर्दीत, साऱ्या बाजारादेखत तू काय म्हणाली होतीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी गिऱ्हाइकांना सांगत होते की पुढच्या वर्षीपासून गाळा लेक बघणार, आणि तू म्हणालीस, "आयुष्यभर हाताला लोण्याचा वास घेऊन मला जगायचं नाही. या ओट्यावर पुन्हा अंडं मागितलं तर बापाचं नाव लावणार नाही." मी म्हटलं, "नको मागूस." झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे आपण दोघी.

आज मला त्या वासाचा फार अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू? आधी अभिमान वाटला, आणि मग रडू आलं.

आई


७ मार्च, शनिवार

गॉबनेट,

आज तो निघाला. उद्या तुझ्या घरी अंडी आलेली असतील, आणि नंतर केव्हातरी हे पत्र. म्हणजे आधी नवऱ्याशी भांडशील आणि मग माझ्याशी.

एक डझन दिलीत. पहाटेची आहेत, खुराड्यातच लोणी लावलेली, कोंबडीखालून काढल्याबरोबर. ठिपकेवाल्या कोंबडीच्या नातीची आहेत. तपकिरी खुडूक बसलीय, तिला हात लावायची सोय नाही. एखाद्या अंड्यावर लोणी कमी-जास्त दिसलं तर समजून घे, सकाळी सगळ्याच कोंबड्या चुळबुळ करत होत्या.

जोसीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. त्यात मूठ-मूठ ओट घालून अंडी बसवली, टोक खाली. तू लहानपणी लावायचीस तशी. ते ओट टाकू नकोस, अंडी संपली की त्याची लापशी कर.

डबा भरल्यावर मी वर एक अंडं ठेवलं. तो लगेच पाकीट काढायला लागला. मी म्हटलं, ठेव ते. हे आपलं वरचं. डझन घेणाऱ्याला एक वर द्यायचं, माझी आई द्यायची, तिची आई द्यायची. पोटुशी बाई असली तर ते पोटातल्याचं.

"पण मी मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"वरचं कुणी मागत नसतं, बाबा," मी म्हटलं. "मागितलं तर ते वरचं कसलं?"

त्याने हे दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटलं. हे तुला सांगायचं असं ठरवत होता बहुतेक.

लोणी कसं लावतात ते दाखवा म्हणून तो सारखा मागे लागला होता. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला दाखवत नाही. त्याला वाईट वाटलं असेल, पण थंडी होती आणि माझा हात एप्रनच्या खिशात होता, तो बाहेर काढायचा मला कंटाळा आला.

निघताना मी त्याला सांगितलं, "मित्राच्या बायकोला म्हणावं, रोज एक. रिकाम्या पोटी नको, आधी कोरडा पाव खा. आणि मीठ नको, लोणी खारंच आहे."

"सांगतो," तो म्हणाला, आणि मग, इतका मोठा माणूस, मला गच्च मिठी मारून उभा राहिला. मोसी मासा कापायचा थांबला. सबंध बाजार बघत होता. त्याचं नाव डुआर्टे आहे हे मला जोसीने नंतर सांगितलं. तिलाही सगळं माहीत होतं, बघ. म्हणजे आंधळं कुणीच नव्हतं. डोळे मिटून मात्र सगळेच बसले होते.

लेकी, नीट खा.

आई


१९ मार्च

गॉबनेट,

उत्तर नाही. मी वाट बघत नाहीये. पोस्टमनला दोनदा हाक मारली ती हवेबद्दल बोलायला.

रविवारी आईचा दिवस होता. शनिवारी बाजारात पिवळ्या फुलांचा नुसता ढीग. ज्याच्या-त्याच्या हातात फुलं, आणि जो-तो माझ्याकडून आईसाठी अंडी घेऊन जात होता. प्रत्येकाला वर एक देत होते. संध्याकाळी जोसीने एक जुडी आणून ओट्यावर ठेवली. म्हणाली, उरली होती. फुलवालीकडे त्या दिवशी काही उरत नाही हे मला कळतं, पण मी ती घेतली.

तू उत्तर दिलंस की मी पुन्हा गाळा तुझ्या गळ्यात घालीन, म्हणून तू गप्प आहेस का? की अंडी खाल्लीच नाहीस? की खाल्लीस आणि ठरली नाहीत? एवढं तरी कळव. बाकी काही लिहू नकोस, 'ठरली' एवढंच लिही.

मला काय हवंय ते एकदा सरळ सांगते, नाहीतर मी विषय फिरवत बसेन. मला तू हवी आहेस. गाळा घेणारी नको, लोणी लावणारी नको, नुसती तू. आणि ते पोर मला आजी म्हणून ओळखेल इतपत तरी मला त्याच्या दृष्टीस पडायचंय. तू तान्ही असताना मी तुला ओट्याखाली, जोसीच्या आईने विणलेल्या टोपलीत निजवत असे. खाली गवत, वर माझी शाल. गिऱ्हाइकं वाकून विचारायची, हे कितीला? मी म्हणायची, हे विकायचं नाही, हे वरचं. ती टोपली अजून आहे. परवा तिचा तळ जोसीकडून नवा विणून घेतला. घाई केली असेल, पण घेतला.

गाळ्याची काळजी करू नकोस. अंडी थोडी कमी आणते हल्ली. घरून मोसी गाडीत घालून आणतो, म्हणतो तो त्याच बाजूने येतो. येत नाही, पण म्हणतो.

पुन्हा कपाचा डाग पडलाच.

आई


२४ मार्च

माझी गॉबनेट,

फोनवर मी खोटं बोलले. तुला ते कळलं हेही मला कळलं. म्हणून आता खरं लिहिते.

आधी मला तो फोन पुन्हा एकदा आठवू दे. दुपारी मोसी पावशेर खवले चिकटलेला फोन घेऊन ओट्यावर आला. "हॅनाबाई, तुमच्यासाठी. पोर्तो. स्पेनमधलं." तू त्याच्या पाटीवरचा नंबर अजून पाठ ठेवलायस. मी फोन कानाला लावला. सहा वर्षांनी लेकीचा आवाज ऐकायला मिळणार म्हणून जीव कानात आलेला, आणि तू ना नमस्कार, ना चमत्कार:

"आई, डावा हात दाखव."

"फोनवर कसा दाखवू?" मी म्हटलं.

"अंड्यांना एक बाजू कोरडी होती. एखाद्याला नाही, सगळ्यांना. बोटभर रुंद पट्टा, लोण्याचा थेंब नाही. तू असं अंडं माझ्या हातून परत खुराड्यात पाठवायचीस. आणि पत्रांवर कपाचे डाग. कागदावर कप ठेवला म्हणून मला धपाटा घालणारी बाई तू. डुआर्टे म्हणाला, तीन दिवसांत तुझा एक हात त्याने पाहिलाच नाही. काय झालंय हाताला?"

मी म्हटलं, थंडीने आखडलाय. तू म्हणालीस, बरं. त्या 'बरं'मध्ये मला माझी आई ऐकू आली. खाण तशी माती.

तर ऐक. जानेवारीत एका सकाळी खुराड्यात अंडं उचलायला हात घातला आणि हात माझा राहिला नाही. अंडं पडलं. मी तिथेच गवतावर बसले. बाजारात दिसले नाही म्हणून मोसी घरी आला, त्याने मला उचललं. डॉक्टर म्हणाले, लहानसा झटका, नशीब बरं. पाय, जीभ, डोकं ठीक आहे. जिभेचं मोसीला वाईट वाटतं. डावा हात हळूहळू येईल म्हणतात, किंवा थोडाच येईल. रबराचा चेंडू दाबायला दिलाय. चेंडू दाबते, पण बोटं अजून अंड्याभोवती वळत नाहीत. उजव्या हाताने अंडं एप्रनवर टेकवून लोणी लावते, म्हणून एप्रनकडची बाजू कोरडी राहते. गिऱ्हाइकांतल्या एकालाही ते दिसलं नाही. चाळीस-चाळीस वर्षं अंडी घेणारी माणसं. दिसलं ते ज्या मुलीला हा वास नको होता तिला.

तुला कळवलं का नाही, असं तू दोनदा विचारलंस. कळवलं असतं तर तू हातासाठी आली असतीस. मला तू माझ्यासाठी यायला हवी होतीस. म्हातारीचा हट्ट, दुसरं काय.

आणि तू फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "ठरली. रोज एक खाल्लं. वरचं अजून ठेवलंय." मग फोन मोसीकडे दिला तेव्हा तो ओला होता. त्याला म्हटलं, तुझ्या माशांचं पाणी.

ईस्टरच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं येताय म्हणालीस, ते मी सगळ्यांना सांगितलं. तुला चालणार नाही हे माहीत असूनही सांगितलं. पण या वेळी एवढंच सांगितलं की लेक भेटायला येतेय. गाळ्याचं एक अक्षर बोलले नाही. जोसी साक्षीला आहे.

आता तुझ्या शपथेचं. बापाचं नाव सोडायची गरज नाही, तो बिचारा वरून बघत असेल. कारंज्याकडून सरळ ये, ओट्यासमोर उभी राहा आणि तोंड उघडू नकोस. हात तेवढा पुढे कर. मी त्यात एक ठेवीन. तू काही मागितलेलं नसेल.

आणि एक गोष्ट रात्रभर डोक्यात घोळतेय, ती लिहू की नको करता करता लिहिते. ईस्टरच्या सकाळी माझ्याबरोबर खुराड्यात येशील? काम म्हणून नाही. अंडं कोमट असतं तोवरच लोणी मुरतं, आणि त्याला दोन तळहात लागतात. माझा उजवा चांगला आहे. तू डावा दे. तुझा डावा, माझा उजवा, मध्ये अंडं. दोन्ही हात एकाच बाईचे हवेत असं माझ्या आईने कधी सांगितलं नव्हतं. एकच करू. पट्टा न राहिलेलं, सगळीकडून चकाकणारं एकच. मग तू हात धुऊन टाक, साबण मी नवा आणून ठेवलाय.

सावकाश ये. विमानात अगदी मागे बसू नकोस, धक्के बसतात.

तुझी आई

ता. क. या पत्रावर डाग नाही, पाहिलंस? कागद मोसीने धरलाय. मघापासून मान वाकडी करून सगळं वाचतोय आणि नाक ओढतोय. पानाला मासळीचा वास आला तर तेवढा सोसून घे.